पणजोबांच्या मागे जायचं कसं? घराण्याचा इतिहास शोधण्याची आणि लिहिण्याची रीत

प्रश्न असा आहे: पणजोबांचं नाव माहीत आहे, त्यांच्या मागचं काहीच नाही. घरात जुने कागद नाहीत, गावची जमीन चुलत घराण्याकडे गेली आहे. अशा वेळी वंशावळ कुठून शोधायची, आणि सापडलेलं पुढच्या पिढीने वाचावं असं लिहायचं कसं?

आधी एक नियम पक्का करा. आजपासून मागे जायचं, एकेका पिढीने, आणि प्रत्येक बाप-लेकाच्या दुव्याला स्वतंत्र पुरावा हवा. बहुतेक वंशावळी चुकतात त्या उलट्या बाजूने सुरुवात केल्यामुळे. आपल्या आडनावाचा कुणी सरदार बखरीत दिसतो, किंवा छापील कुलवृत्तांतात एखादं घराणं सापडतं, आणि तिथून खाली आपल्यापर्यंत रेघ ओढली जाते. आडनाव एक म्हणजे कूळ एक असं नसतं. गावावरून, हुद्द्यावरून, व्यवसायावरून पडलेली आडनावं एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घराण्यांतही सापडतात. शिवाय जुन्या कागदांत पुष्कळदा आडनाव लिहिलेलंच नसतं, नुसतं ‘रावजी बिन गणोजी’ असतं.

आधी माणसं गाठा, मग दफ्तरं. दफ्तर पुढच्या वर्षीही जागेवर असेल, नव्वदीतली आत्या असेलच असं नाही. घरातल्या कर्त्या पुरुषांपेक्षा लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि आज्या जास्त सांगतात, कारण माहेरच्या आठवणी त्यांनी जपलेल्या असतात. साल विचारू नका, ते कुणालाच सांगता येत नाही. खूण विचारा: मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीआधी की नंतर (१९१८), गांधीवधाच्या वेळी केवढे होते (१९४८), पानशेत फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ. ‘बाबा तेव्हा गुरं राखत होते’ एवढं कळलं तरी जन्मसाल चार-पाच वर्षांच्या आत येतं.

भावकी ठरवायला सरळ प्रश्नापेक्षा आडून विचारलेले प्रश्न कामाला येतात. सुतक कोणाकोणाचं धरतात? कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, कुळाचाराला कोणत्या घरी जमतात? सुतक ज्यांचं धरतात ते घर कितीही दूर राहत असलं तरी त्या कुटुंबाच्या समजुतीत सख्ख्या कुळातलं असतं. पितृपंधरवड्यात कोणत्या तिथीला कोणाचं पान घालतात हेही विचारा. त्यातून मृत्यूची तिथी मिळते, महिना मात्र मिळत नाही. ज्या घरात श्राद्ध करतात तिथे पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावं घेतली जातात, म्हणजे तीन पिढ्या तोंडपाठ असणारा एक तरी माणूस त्या घरात असतो.

‘घरात कागद नाहीत’ असं म्हणणाऱ्या घरातही काहीतरी निघतं. जुन्या लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी, शाळा सोडल्याचा दाखला, पोथीच्या शेवटच्या पानावरची जन्मटिपणं, पेन्शनचे कागद, तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घातलेली नावं. भांड्यावर नाव, गाव आणि कधी कधी सालही असतं. अडगळीतली घंगाळं, परात, समया उलट्या करून बघा.

आता मुख्य साधन, ते म्हणजे महसुली कागद. वंशावळीसाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, कितीतरी मोलाची असते. सातबारा त्या त्या वेळी जमीन कोणाच्या नावावर होती एवढंच सांगतो, फेरफार ती कोणाकडून, का आणि कोणत्या नात्याने आली ते सांगतो. चालू सातबारा घ्या. त्यावर फेरफार क्रमांक असतात. त्या प्रत्येकाची नक्कल काढा, त्यात आधीच्या नोंदीचा माग मिळतो, आणि असं मागे सरकत जा. जमीन विकली गेली असली तरी अडत नाही. ज्या सर्व्हे नंबरात पूर्वी आपलं घर कसत होतं तो नंबर कळला की आजच्या मालकाच्या सातबाऱ्यावरूनही मागे जाता येतं. हक्कनोंदीच्याही (सातबारा-फेरफाराच्या पद्धतीच्याही) आधीचं हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कडईपत्रक, आणि भूमी अभिलेख कार्यालयात शेतवार पत्रक व पक्का बुक या जुन्या जमीननोंदी मागा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आले आहेत, तिथे आधी पाहून घेतलं तर एखादी खेप वाचते. कार्यालयात नुसतं ‘जुने रेकॉर्ड द्या’ म्हटलं तर ‘नाही’ असंच उत्तर येतं. गाव, सर्व्हे नंबर, नमुन्याचं नाव आणि अंदाजे साल लिहून अर्ज द्या. तरीही टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करता येते.

इथे हमखास अडकायला होतं ते नंबर बदलल्यामुळे. जमिनीचे तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि आजच्या गटाचा आकडा जुन्या वहीत शोधला तर भलत्याच कुणाची जमीन निघते. कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे योजनेच्या उताऱ्यात असतं, त्याला नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा म्हणतात. तो पहिल्यांदा काढा.

आणेवारीकडे नीट लक्ष द्या. जुन्या नोंदींत हिस्सा आणे-पैत असतो: पूर्ण जमीन १६ आणे, एक आणा १२ पै, एकूण १९२ पै. नावापुढे ५ आणे ४ पै असेल तर तो तिघांतला एक आहे, कारण ६४ पै म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. दोघांपुढे २ आणे ८ पै आणि उरलेल्या दोघांपुढे ५ आणे ४ पै असेल, तर मूळ भाऊ तीन होते, त्यांपैकी एक वारला आणि त्याचे दोन मुलगे त्याच्या जागी आले, असा अर्थ जवळजवळ नक्की निघतो. नातं न लिहिताही आकडा नातं सांगतो. फक्त मधे कोणी हिस्सा विकला किंवा गहाण टाकला नाही ना, हे त्या सालाच्या फेरफारात पाहून घ्या.

नोंदीतली संक्षेपं आधीच शिकून घ्या. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढचं ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ याच्यापुढे नवऱ्याचं नाव येतं, त्याला बाप समजलात तर अख्खी शाखा चुकते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: ज्याच्या नावावर जमीन लागली तो तेव्हा अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला, होता. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. ही अक्षरं दिसली की समजायचं, एकाच नावामागे इतर भाऊ दडलेले आहेत. ते शोधायला पुढची वाटपाची नोंद बघा.

मुलींबद्दल एक सावधगिरी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारसनोंदींत मुलगे असतील तर मुलींची नावं सहसा येतच नाहीत. ‘वारस दोन मुलगे’ याचा अर्थ मुली नव्हत्या असा नाही. १९५६ नंतरच्या नोंदींत मुली दिसू लागतात, आणि हक्कसोडपत्रांत तर त्यांची सासरची नावं आणि गावंही येतात. आत्या-पणआत्यांचा माग काढायला याहून चांगला कागद नाही.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्यापूर्वीच्या नोंदी यात आहेत आणि त्या बहुधा तहसील कार्यालयात असतात. जन्माच्या रकान्यात बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. त्यामुळे ‘आजोबांचा जन्म सापडला’ म्हणण्याआधी त्याच बापाच्या सगळ्या मुलांचे जन्म ओळीने लिहून काढा. त्यातली काही लहानपणीच गेलेली असतात आणि आजोबा त्यांच्यानंतरचे निघतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीखही आंधळेपणाने घेऊ नका. गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या १ जूनच्या तारखा असंख्य आहेत. त्या रजिस्टरातली वडिलांची आणि गावाची नोंद मात्र चांगली उपयोगी पडते.

मराठवाडा निजामाकडे होता, त्यामुळे तिथले जुने कागद उर्दू-फारसीत आणि सालं फसली या महसुली सनात असतात. पन्नाशीच्या दशकातला खासरा पाहणीचा कागद हा तिथला आधार, तो मराठी कागद आणि जुनं उर्दू दफ्तर यांना जोडतो. विदर्भातली महसुली पद्धत मध्यप्रांत-वऱ्हाडची, तिथे अधिकार अभिलेख पंजी मागायची. पश्चिम महाराष्ट्राचे नमुने तिथे शोधत बसू नये.

जमीनच नव्हती अशा घरांनी निराश होऊ नये. ग्रामपंचायतीचा नमुना ८, गावठाणाची मिळकत पत्रिका, कुळ म्हणून कसत असल्यास १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरच्या कुळकायद्याच्या नोंदी, वतनी कामं करणाऱ्या घरांची वतन रजिस्टरं, दुय्यम निबंधकांकडची खतं आणि दत्तकपत्रं, ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा-विवाह रजिस्टरं, मुसलमान कुटुंबांसाठी निकाहाच्या नोंदी. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कोणी कामी आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधा, शिपायाच्या नोंदीत कित्येकदा बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. कोणी मॉरिशसला मजूर म्हणून गेलं असेल तर तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या आगमनाची कागदपत्रं जपलेली आहेत.

वतनदार, इनामदार, पाटील-कुलकर्णी घराण्यांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे कागद महत्त्वाचे. १८५२ च्या कायद्याने या कमिशनला अधिकार मिळाले आणि इनाम खरं ठरवण्यासाठी घराण्यांना कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, द्याव्या लागल्या. त्यात वंशावळी आहेत. पण त्या हक्क सांगण्यासाठी दिल्या होत्या हे विसरू नका. जी शाखा दाव्याला अडचणीची ती गाळली जाते. हेच आजच्या जातपडताळणीसाठी केलेल्या वंशावळीलाही लागू आहे. ती अर्जदाराची पुरुषशाखा दाखवण्यासाठी केलेली असते, तीच पूर्ण वंशावळ मानू नये. पुराभिलेखागारात कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले असतात. टिपण करताना रुमालाचा क्रमांक लिहिला नाही तर तोच कागद पुन्हा मिळवणं फार कठीण.

मोडी स्वतः शिकायची की वाचक लावायचा? दोन-चार कागद असतील तर वाचक लावा, तीसएक असतील तर शिका. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे नावं वाचताना घोळ होतो. वाचकाला द्यायचा फोटो पूर्ण पानाचा घ्या, वहीच्या मुखपृष्ठाचा आणि पान क्रमांकाचा वेगळा घ्या, फ्लॅश बंद ठेवून बाजूच्या उजेडात घ्या. आपल्याला हव्या त्या ओळीचाच फोटो नेला तर वाचकाला त्या कारकुनाचं वळण पकडता येत नाही. आणि कोणतं नाव ‘निघायला हवं’ ते त्याला आधी सांगू नका, सांगितलं की तेच निघतं.

तारखांची जुळणी कागदावर मांडून करा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांना ७९. दख्खनच्या फसलीत ५९०, वर्षाच्या उत्तरार्धात जानेवारीपासून ५९१. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी अंकनामांत असतो, एकं आधी आणि हजार शेवटी. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार: ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. शकासोबत संवत्सराचं नाव असेल तर ती उत्तम पडताळणी. शके १८४० ला कालयुक्त संवत्सर यायला हवं. दुसरंच नाव असेल तर आकडा वाचण्यात चूक आहे किंवा कागद नंतर लिहिलेला आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा वेगळा खजिना आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया इथे पूर्वज गेले असतील तर नामावळीत नाव असू शकतं. जाताना आडनाव, मूळ गाव, जात आणि माहीत असलेली शेवटची दोन-तीन नावं घेऊन जा. गावं उपाध्यायांच्या घराण्यांत वाटलेली असतात, तेव्हा पहिलं काम म्हणजे आपलं गाव कोणाकडे आहे हे शोधणं. मूळ गाव चुकीचं सांगितलं तर वही असूनही सापडत नाही. तीन पिढ्यांपूर्वी घराणं स्थलांतरित झालं असेल तर त्याआधीच्या गावाचं नावही द्या. वहीतली नोंद वाचताना हे ध्यानात ठेवा: जो यात्रेकरू समोर बसून लिहून देत होता त्याच्याबद्दल, त्याच्या भावांबद्दल आणि मुलांबद्दल ती भक्कम असते, त्याने सांगितलेल्या पणजोबांबद्दल ती ऐकीव असते. आपली नोंद करताना घरातल्या बायकांची, मुलींची नावंही आग्रहाने लिहवा.

घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोकही असतात: कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात, खानदेशात भाट. त्यांनी सांगितलेल्या खालच्या पिढ्या फेरफाराशी ताडून पाहता येतात, आणि जुळल्या तर वरच्या तीन-चार पिढ्यांनाही ‘परंपरेने सांगितलेल्या’ म्हणून जागा द्यावी. अगदी वर पुराणपुरुषांपर्यंत गेलेला भाग घराण्याचा अभिमान म्हणून वेगळा ठेवा, तो वंशावळीत जोडू नका.

आता सगळ्यात जास्त चुका कुठे होतात ते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. गणोजीचा रावजी, रावजीचा गणोजी, त्या गणोजीचा पुन्हा रावजी. दोन कागदांत ‘रावजी बिन गणोजी’ दिसलं की तो एकच माणूस धरला जातो आणि मधल्या दोन पिढ्या गायब होतात. किंवा उलट, चुलत्याचा रावजी आपला समजला जातो. यावर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे नावाऐवजी जमिनीच्या मागे जाणं. नावं परत परत येतात, पण नदीकाठचा तो सर्व्हे नंबर एकाच शाखेकडून खाली येत असतो. प्रत्येक माणसापुढे त्याचा सर्व्हे नंबर लिहून ठेवा. दुसरी कसोटी वर्षांची: बाप आणि मुलगा यांच्यात सरासरी पंचवीस ते तीस वर्षं धरा. चाळीस वर्षांत तीन पिढ्या मावत असतील तर बहुधा दोघं भाऊ आहेत. बाप-लेकात सत्तर वर्षं पडत असतील तर एखादी पिढी गळली आहे. दत्तक असेल तर दोन्ही घरं दाखवा, जन्माचं आणि दत्तकाचं, नाहीतर त्याच माणसाचे दोन झालेले पुढे कोणाला उलगडत नाहीत.

लिहिण्याचा भाग. नावांची यादी कोणी वाचत नाही. पण एक फेरफार नीट वाचला तर त्यातूनच गोष्ट उभी राहते. समजा १९२५ च्या एका नोंदीत असं आहे: ‘खातेदार रावजी बिन गणोजी हा सुमारे सात वर्षांपूर्वी मयत. वारस मुलगे दोन, गणपती व बाबू, बाबू अज्ञान, अ.पा.क. आई सखूबाई कोम रावजी. वर्दीवरून नोंद. नोटीस बजावली, हरकत नाही. मंजूर.’ एवढ्या पाच ओळींत काय काय आहे? रावजी १९१८ च्या सुमारास गेला. बाबू १९२५ सालीही अज्ञान, म्हणजे बाप गेला तेव्हा तो लहान मूल होता. सखूबाई जिवंत होती आणि धाकट्याच्या वतीने कागदावर तीच उभी होती. थोरला गणपती तोवर सज्ञान झाला होता. वारसनोंद सात वर्षं रखडली. अशा नोंदी बहुतेकदा तगाई (सरकारी शेतीकर्ज), गहाण किंवा वाटणीची गरज पडली की होतात, म्हणून पुढचे-मागचे फेरफार बघा, कारण तिथेच सापडेल. मग १९१८ चं कोतवाल बुक काढा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि सप्टेंबरनंतर मानमोडीने गावंच्या गावं झोपवली होती. रावजीची नोंद ऑक्टोबरात असेल, कारणात ‘ताप’ असेल, आणि त्याच महिन्यात गावात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मृत्यू असतील तर ते मोजून लिहा. ‘रावजी मानमोडीत गेला’ असं ठामपणे लिहू नका. ‘त्या महिन्यात गावात इतके लोक तापाने गेले, रावजी त्यांच्यातला एक’ असं लिहा. ते जास्त खरं आहे आणि वाचणाऱ्याच्या मनाला जास्त भिडतं.

प्रत्येक विधानाची जात लिहिताना दिसली पाहिजे. ‘नोंदीत आहे’, ‘अमक्या आत्यांनी सांगितलं’, ‘असं वाटतं’ हे तीन प्रकार वाक्यातच वेगळे ठेवा. पूर्वजांच्या तोंडी संवाद घालू नका, त्यांच्या मनात काय चाललं होतं तेही लिहू नका. त्याऐवजी त्यांच्या भोवतीचं लिहा: शेत किती एकर-गुंठे, सारा किती, विहीर होती का, हंगाम कसा गेला. जुन्या रकमेचे आजचे रुपये करू नका. ‘दीडशे रुपयांना गहाण टाकलं’ एवढंच लिहून त्याच शेताचा वर्षाचा सारा शेजारी ठेवला की तो बोजा किती होता ते कळतं. बायकांना ‘पत्नी’ म्हणून सोडू नका. माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि बापाचं नाव शोधा, ते नाही सापडलं तर रकाना रिकामा ठेवून तसं लिहा.

हयात माणसांची जन्मतारीख, पत्ता, मालमत्ता, घटस्फोट, आजार हे त्यांच्या परवानगीवाचून छापू नका. दत्तक किंवा दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी कागदात सापडल्या तर त्या घरच्या माणसाला आधी दाखवा आणि मगच मजकुरात घ्या. सगळ्या नकला एका फाइलीत, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने कार्यालय, नमुना, वर्ष आणि पान क्रमांक. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. निदान ३०० डीपीआयने स्कॅन करून मूळ प्रत कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. मजकूर छापून झाल्यावर भावकीतल्या प्रत्येक शाखेला एक प्रत द्या, एक गावच्या वाचनालयात ठेवा, आणि मुखपृष्ठावर आवृत्तीचं साल घाला, कारण प्रती वाटल्यावर पंधरा दिवसांत कुणीतरी चुलत भाऊ एखादं विसरलेलं नाव घेऊन येतोच.